डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो: संगीत सर्व्हर म्हणून किती वीज खातो आणि त्यातली किती वाचते

घरच्या संगणकावर गाण्यांचा साठा ठेवून तो चोवीस तास चालू ठेवणाऱ्यांचा एक समज पक्का असतो: प्रोसेसर जितका मरतुकडा, तितकी वीज कमी. संगीत सर्व्हरला हा हिशेब लागू पडत नाही. सीडीच्या दर्जाचा फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेल्या गाण्याचा) प्रवाह सेकंदाला साधारण १०० किलोबाइट भरतो. तेवढे डिस्कवरून उचलून नेटवर्कवर ढकलायला आजच्या कुठल्याही प्रोसेसरला घाम फुटत नाही, आणि दिवसाचा बहुतेक वेळ तर तेवढेही काम नसते. त्यामुळे बिलाचा आकडा ठरतो तो यंत्र रिकामे बसलेले असताना किती वॅट खाते यावर. रिकामे बसल्यावर ते किती खोल झोपेल हे मात्र बऱ्याचदा प्रोसेसरच्या हातात नसते. शेजारची नेटवर्क चिप, डिस्कची साटा जोडणी किंवा यूएसबीला लावलेले काहीतरी जागे राहिले, की सगळ्या यंत्राला जागे राहावे लागते.

ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रोची पारख याच मुद्द्यावर करायची आहे. यंत्र २०१७ च्या पिढीतले, इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे. मापे साधारण १८.२ बाय १७.८ बाय ३.६ सेंटिमीटर, म्हणजे जाड पुस्तकाएवढे. विंडोज ११ या पिढीला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कार्यालयांतून ही यंत्रे ढिगाने बाहेर पडली आहेत. लिनक्सला या दोन्ही गोष्टींशी देणेघेणे नाही. आत २.५ इंची डिस्कची एक जागा, एम.२ ची एक खाच, रॅमच्या दोन पट्ट्या आणि वीज बाहेरच्या ६५ वॅटच्या ॲडॉप्टरवरून.

हा बाहेरचा ॲडॉप्टर म्हणजे पहिली जमेची बाजू. मोठ्या डब्यातल्या ५०० वॅटच्या पॉवर सप्लायवर २० वॅटचा भार टाकला, तर तो क्षमतेच्या ४ टक्क्यांवर चालतो. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या नेहमीच्या पायऱ्यांची चाचणी सुरूच होते २० टक्के भारापासून. त्याच्या खाली कार्यक्षमता घसरते, आणि डब्यावर सोनेरी शिक्का असला तरी ४ टक्क्यांना तो काय करेल याची हमी त्या शिक्क्यात नसते. ६५ वॅटच्या ॲडॉप्टरला ६ वॅटचा भार म्हणजे निदान ९ टक्के.

दुसरी गोष्ट प्रोसेसरच्या नावातल्या "टी"ची. मायक्रोमध्ये आय३-७१००टी, आय५-७५००टी असे ३५ वॅटचे प्रोसेसर असतात. विकणारे ३५ वॅट हा आकडा वीजबचत म्हणून सांगतात. तो खरे तर टीडीपी, म्हणजे पूर्ण भाराखालच्या उष्णतेचा आकडा आहे. रिकामे असताना ६५ वॅटचा आणि ३५ वॅटचा भाऊ जवळपास सारखेच खातात. म्हणून आय३ आणि आय५ यांत वीज वाचवण्यासाठी निवड करू नका. जो स्वस्त आणि चांगल्या अवस्थेत मिळेल तो घ्या. याच कारणाने प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करून ठेवण्यातही फारसे हशील नाही. काम पटकन उरकून लगेच झोपणारा प्रोसेसर, तेच काम रेंगाळत करणाऱ्यापेक्षा बहुतेक वेळा कमी खातो.

आकडे

१ वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचा हिशेब तोंडी होतो. आपल्या बिलावरच्या दराने गुणा. ग्राफिक्स कार्ड आणि ३.५ इंची दोन डिस्क असलेला जुना टॉवर रिकामा असताना ४५ वॅट सहज घेतो: वर्षाला ३९४ युनिट. ३०५० मायक्रो एसएसडीसह, लिनक्स टाकून बाकी काही न बदलता ८ ते १० वॅटच्या आसपास असतो. खाली दिलेले सगळे केले की तो ५ ते ६ वर येतो, म्हणजे वर्षाला ५० युनिटच्या आगेमागे.

मोजणी भिंतीतल्या सॉकेटवर करा, सॉफ्टवेअरवर विसंबू नका. सॉकेटमध्ये खोचायचे साधे वॅटमीटर ५ वॅटच्या खाली डळमळतात, कारण एवढ्या कमी भाराला पॉवर फॅक्टर वाईट असतो. पडद्यावर नाचणारा क्षणाचा आकडा सोडून द्या, आठवडाभर साठलेला युनिटचा आकडा घ्या, वॉट-तासांत करा आणि १६८ ने भागा. बदल एका वेळी एकच करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली हे कळत नाही, आणि कोणती बिघडली हे तर अजिबातच नाही.

बायोसमधले खटके

बायोस, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीचा पडदा, उघडायला डेलचा लोगो दिसताच एफ२. पॉवर मॅनेजमेंटमध्ये "डीप स्लीप कंट्रोल" नावाचा पर्याय आहे. तो चालू असला की बंद यंत्राची वीज अगदी नाममात्र होते, पण नेटवर्क चिपलाही वीज मिळत नाही आणि वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून यंत्र उठवण्याची सोय) मरते. "ही सोय मॉडेलमध्ये नाहीच" अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेकदा हा एक खटका असतो. एचपीच्या मिनीमध्ये त्याचेच नाव "एस५ मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज", लेनोवोच्या टायनीत "एन्हान्स्ड पॉवर सेव्हिंग मोड", सुट्या मदरबोर्डवर "ईआरपी". नेटवर्कवरून उठवायचे असेल तर बंद, टायमरने किंवा बटणाने उठवायचे असेल तर चालू.

"ब्लॉक स्लीप" बंद हवे. चालू असेल तर एस३ झोप (रॅम तेवढी जागी, बाकी यंत्र बंद) मिळतच नाही. परफॉर्मन्समध्ये "सी-स्टेट्स कंट्रोल" (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या; आकडा मोठा तितकी झोप खोल) आणि "स्पीडस्टेप" चालू हवेत. कार्यालयांच्या आयटी विभागांनी कधीकाळी ते बंद केलेले असू शकतात, म्हणून वापरलेल्या यंत्रात हे पान उघडून पाहाच. "एसी रिकव्हरी" ला "लास्ट पॉवर स्टेट" द्या, म्हणजे वीज जाऊन आली की सर्व्हर आपला आपण उठेल. कीबोर्ड लावणार नसाल तर पोस्ट बिहेवियरमधली कीबोर्डची चूक दाखवणारी खूण काढा. न वापरले जाणारे वाय-फाय कार्ड सरळ उपसून बाजूला ठेवा.

खरी अडचण: नेटवर्क चिप

इथे ३०५० मार खातो. त्यात रिअलटेकची आरटीएल८१११ मालिकेतली चिप आहे, पीसीआय एक्सप्रेसवर बसवलेली. लिनक्समधला तिचा आर८१६९ हा ड्रायव्हर पूर्वीच्या कटू अनुभवांमुळे बऱ्याच चिपवर एएसपीएम, म्हणजे जोडणी रिकामी असताना तिला झोपवणारी सोय, स्वतःहून बंद ठेवतो. परिणाम पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या "आयडल स्टॅट्स" पानावर दिसतो. तिथे प्रत्येक कोअर खुशाल सी-८ मध्ये गेलेला असतो, पण "पॅकेज" म्हणजे अख्ख्या प्रोसेसरच्या रकान्यात सगळा वेळ सी-२ किंवा सी-३ समोर साठलेला असतो. कोअर झोपले, इमारत जागी. या दोन अवस्थांमधला फरक भिंतीवर दोन-तीन वॅटचा असू शकतो, आणि ६ वॅटच्या यंत्रात दोन वॅट म्हणजे तिसरा हिस्सा.

उपाय असा. लिनक्सच्या कर्नल ५.५ पासून सिसएफएसमध्ये (कर्नलचे खटके फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) प्रत्येक जोडणीसाठी वेगळा खटका मिळतो: नेटवर्क कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरखाली "लिंक" हा फोल्डर, त्यात "एल१ एएसपीएम" नावाची फाइल. तिच्यात १ लिहिले की एल१, म्हणजे जोडणीची खोल झोप, चालू होते. मग पॉवरटॉप पुन्हा उघडा. पॅकेज सी-६, सी-७ किंवा सी-८ मध्ये टक्के दिसू लागले तर जमले. ती फाइलच नसेल तर फर्मवेअरने एएसपीएमचा ताबा कर्नलला दिलेला नाही. बूटच्या ओळीत पीसीआयई-एएसपीएम-फोर्स देता येते, पण त्यात यंत्र गोठण्याचा धोका असतो, आणि दोन वॅटसाठी गाणे चालू असताना गोठणारा सर्व्हर हा तोट्याचा सौदा आहे. खटका टाकल्यावर दोन-तीन दिवस कर्नलच्या नोंदीत "ट्रान्समिट टाइमआउट" शोधत राहा. दिसला तर शून्य लिहून परत फिरा. सगळे ठीक चालले तरच यूडेव्हच्या (उपकरण दिसताच आपोआप लागू होणाऱ्या) नियमात टाकून ते कायम करा.

याच पिढीतल्या ऑप्टिप्लेक्स ७०५० मायक्रोमध्ये इंटेलची आय२१९-एलएम आहे. तिचा गाभा चिपसेटमध्येच असल्यामुळे एएसपीएमची ही कटकट मुळात उद्भवत नाही. किमतीत फार अंतर नसेल तर ७०५० घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. ३०५० घेऊन पश्चात्ताप होईल असे नाही, पण एक संध्याकाळ जास्त जाईल.

जोडणीचा वेग १०० मेगाबिटवर उतरवणे ही जुनी युक्ती अजून चालते. २४ बिट १९२ किलोहर्ट्झचा कच्चा स्टिरिओ प्रवाहही ९.२ मेगाबिटच्या वर जात नाही, त्यामुळे ऐकण्यात काडीचा फरक पडत नाही. बचत मात्र अर्ध्या वॅटच्या आसपासची, आणि गाण्यांच्या फाइली त्याच तारेवरून सर्व्हरवर टाकत असाल तर प्रत्येक वेळी कंटाळा. एनर्जी एफिशंट इथरनेट (तार रिकामी असताना वीज वाचवणारी सोय) चालू ठेवायला हरकत नाही. फक्त एखाद्या प्लेअरवर मधूनच गाणे तुटत असेल तर संशयितांच्या यादीत त्याला वर ठेवा. जुने स्विच आणि ही सोय यांचे नेहमी पटतेच असे नाही.

डिस्क

एसएसडी घ्या. एक फ्लॅक अल्बम ३५० मेगाबाइट धरला तर १ टेराबाइटमध्ये २८०० च्या वर अल्बम मावतात. बहुतेकांचा संग्रह इथेच संपतो. साटा एसएसडीला जोडणी झोपवण्याची परवानगी द्यावी लागते: लिंक पॉवर मॅनेजमेंटचे धोरण "मॅक्स परफॉर्मन्स" वरून "मेड पॉवर विथ डिप्म" वर. पॅकेज खोल झोपायला हेही तितकेच आवश्यक आहे; नेटवर्क चिप झोपवली आणि साटा जागी ठेवली तर काहीच हाती लागत नाही. त्याच्या खालचे "मिन पॉवर" टाळा. काही एसएसडींवर त्याने डेटा बिघडल्याच्या तक्रारी आहेत आणि वाढीव बचत नगण्य आहे. एनव्हीएमई, म्हणजे एम.२ खाचेतली वेगवान एसएसडी, संगीतासाठी उगाच आहे. गाण्याला तो वेग लागत नाही, आणि एएसपीएम नीट जमले नाही तर ती जागी बसून साटा एसएसडीपेक्षा जास्त खाते.

संग्रह मोठा आहे आणि ३.५ इंची डिस्कच हवी, तर ती मायक्रोच्या आत मावत नाही. बाहेर यूएसबी डब्यात ठेवावी लागते. फिरती ३.५ इंची डिस्क रिकामी असताना ४ ते ६ वॅट घेते. म्हणजे एक डिस्क उरलेल्या अख्ख्या सर्व्हरइतके खाते, आणि ती थांबवणे हाच मग वीजबचतीचा मुख्य विषय होतो.

थांबवण्याचे साधन लिनक्समधल्या एचडीपार्म या आदेशाचा मोठा "एस" पर्याय. त्याचे आकडे फसवे आहेत. १ ते २४० पर्यंत प्रत्येक एकक ५ सेकंदांचे, म्हणून १२० म्हणजे १० मिनिटे. २४१ पासून पुढे एकक एकदम ३० मिनिटांचे होते, म्हणून २४१ म्हणजे अर्धा तास आणि २४२ म्हणजे एक तास. "अडीचशे सेकंद" समजून २५० लिहिणाऱ्याची डिस्क पाच तास थांबत नाही. यूएसबी डब्यातली पूलचिप हा आदेश कित्येकदा गिळून टाकते. तेव्हा एचडी-आयडल हा छोटा प्रोग्रॅम लावा. तो स्वतः घड्याळ पाहून डिस्कला थांबायला सांगतो.

वेळ फार कमी ठेवू नका. प्रत्येक थांबणे-फिरणे यांत्रिक झीज आहे, आणि सुरू होताना ३.५ इंची डिस्क काही सेकंद २० वॅटच्या वर जाते. ३० मिनिटे हा सुरक्षित आकडा आहे. स्मार्टच्या, म्हणजे डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या, नोंदीत क्रमांक ४ चा थांबण्या-फिरण्याचा आणि १९३ चा डोके उचलण्या-ठेवण्याचा आकडा महिन्यातून एकदा पाहा. १९३ दिवसाला शेकड्यांनी वाढत असेल तर डिस्कचे स्वतःचे एपीएम (आतली वीजबचत) आक्रमक आहे. एचडीपार्मच्या मोठ्या "बी" ने ते २५४ करा. काही डिस्क या पर्यायाला जुमानत नाहीत.

डिस्क थांबतच नाही, किंवा थांबली की पाच मिनिटांत पुन्हा गुरगुरते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कारणे ठरलेली आहेत. फाइल वाचल्याची वेळ लिहिली जात असेल तर माउंट करताना "नोएटाइम" द्या. स्मार्ट तपासणारा स्मार्टडी दर अर्ध्या तासाने डिस्कला हलवत असेल तर त्याला "एन स्टँडबाय" चा पर्याय द्या. फाइलींची यादी बनवणारा रात्रीचा अपडेटडीबी संगीताच्या फोल्डरमध्ये शिरत असेल तर तो मार्ग वगळलेल्यांच्या यादीत टाका. सांबावरून (नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम) संगीताचा फोल्डर दुसऱ्या संगणकावर ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवला असेल तर तिकडचे फाइल दाखवणारे पान डिस्कला उठवत राहते. यांपैकी कोणते हे ओळखायला फॅट्रेस चालवून ठेवा. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतो ते नावानिशी सांगतो.

गाणे चालू असताना मात्र डिस्क थांबणार नाही, कारण प्लेअर थोडे-थोडे मागत राहतो. स्क्वीझलाइट या प्लेअर प्रोग्रॅमचा आवक बफर मूळ स्थितीत २ मेगाबाइटचा, म्हणजे फ्लॅकची वीसेक सेकंदे. यावर तोडगा रॅमचा आहे. ८ गिगाबाइट रॅममध्ये अख्खा अल्बम अनेक वेळा मावतो. अल्बम सुरू होताच व्हीएमटच या प्रोग्रॅमने त्याचा फोल्डर एकदम वाचून घ्या. मग सर्व्हर रॅममधल्या साठ्यातून गाणी पुरवतो आणि डिस्क अर्ध्या तासात थांबते. सरमिसळ गाणी लावून ऐकणाऱ्यांना याचा उपयोग नाही. त्यांनी एसएसडीच घ्यावी.

लिरियन आणि मंडळी

स्लिमसर्व्हरपासून सुरू होऊन लॉजिटेक मीडिया सर्व्हर झालेला आणि २०२४ पासून लिरियन म्युझिक सर्व्हर म्हणवणारा प्रोग्रॅम या यंत्रावर हलकाच चालतो. वीजबचतीसाठी त्यात दोनच गोष्टी पाहायच्या. त्याचा डेटाबेस, मुखपृष्ठांचा साठा आणि नोंदी एसएसडीवर हव्यात, गाण्यांच्या फिरत्या डिस्कवर नकोत. तसे केले की अल्बम चाळताना आणि इंटरनेट रेडिओ ऐकताना डिस्क झोपलेलीच राहते. दुसरे, संग्रहाची आपोआप तपासणी पहाटे तीनला ठेवू नका; नेहमी गाणी ऐकता त्या वेळेच्या आसपास ठेवा, म्हणजे तेवढ्यासाठी वेगळे उठवावे लागणार नाही. "सगळे पुसून पुन्हा" तपासणी रोज करण्याचे कारण नाही, "नवीन आणि बदललेले" पुरते.

एमपीडी हा दुसरा संगीत प्रोग्रॅम आणखी हलका आहे, पण ६ वॅटच्या यंत्रात तो फरक मीटरवर शोधावा लागेल. वेगळी गोष्ट आहे ती खूप मोठ्या पटीत अपसॅम्पलिंग (ध्वनीच्या नमुन्यांची संख्या वाढवणे) करणाऱ्या किंवा डीएसडी या वेगळ्या ध्वनिप्रकारात रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमांची. ते लावले की प्रोसेसर सतत राबतो आणि वर लिहिलेले सगळे मुसळ केरात.

यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालेल असा संकेत करणारे उपकरण) थेट सर्व्हरला लावत असाल तर दोन सूचना. पॉवरटॉपचा ऑटो-ट्यून सर्व यूएसबी उपकरणांना झोपायची परवानगी देतो. डॅकही त्यात येतो आणि गाणे सुरू होताना "टक्" असा आवाज किंवा पहिला सेकंद गायब होतो. यूडेव्हच्या नियमात त्या डॅकचा पॉवर कंट्रोल "ऑन" करा, आणि हा नियम ऑटो-ट्यूननंतर लागू होतोय हे तपासा. आधी लागला तर ऑटो-ट्यून तो पुसून टाकतो. उलट बाजूने, प्लेअर "चालू" असताना स्क्वीझलाइट गाणे थांबले तरी डॅक उघडाच धरून ठेवतो. हायस्पीड यूएसबीवर १२५ मायक्रोसेकंदांचा ठेका सुरू राहतो आणि पॅकेज खोल झोपेत जात नाही. मोठ्या "सी" पर्यायाला ३० दिले की ३० सेकंदांनंतर तो डॅक सोडतो. एवढ्या एका अक्षराने रात्रभराचा वॅट-दीड वॅट सुटतो.

झोपवावे की चालू ठेवावे

हिशेब करून पाहा. दिवसाला सहा तास ऐकणे धरू. ४५ वॅटचा टॉवर उरलेले १८ तास एस३ झोपेत २ वॅटवर गेला, तर दिवसाचे २७० अधिक ३६, म्हणजे ३०६ वॉट-तास. वर्षाला ११२ युनिट. सतत चालू ठेवल्याच्या ३९४ समोर हे २८२ युनिट वाचले. टॉवर असेल तर झोपवण्यासाठी कितीही खटपट करा, वसूल होते.

जुळवलेला मायक्रो ६ वॅटवर सतत चालला तर वर्षाला ५३ युनिट. झोपेत १ वॅट धरून झोपवला तर २० युनिट. वाचले ३३. त्यासाठी मोजावे लागते ते असे: फोनवरचे ॲप उघडावे तर सर्व्हर सापडत नाही, नेटवर्कवरून यंत्र उठवणारे जादुई पॅकेट पाठवा, यंत्र उठायला काही सेकंद, गिगाबिट जोडणी जुळायला आणखी काही, मग प्लेअर परत जोडला जाणार. घरातल्या बाकीच्यांना हे समजावून सांगायचे वेगळेच. आमच्या मते ६ वॅटच्या यंत्राला झोपवण्याचा अट्टहास नको. रात्री ठरावीक तास नक्कीच कोणी ऐकत नसेल तर आरटीसीवेक या आदेशाने झोपवा आणि सकाळी घड्याळाने उठवा. त्यात फोन, पॅकेट, काही लागत नाही.

तरीही झोपवायचेच असेल तर क्रम असा ठेवा. आधी सिस्टिम "मेम स्लीप" मध्ये काय दाखवते ते पाहा. "डीप" (म्हणजे एस३) निवडलेले हवे. "एस२आयडल" (हलकी झोप) असेल तर डेस्कटॉप यंत्र झोपेतही काही वॅट खात राहू शकते. मग इथटूल या आदेशाने नेटवर्क कार्डाचा वेक पर्याय "जी" आहे ना ते पाहा. हाताने दिलेला पर्याय रीबूटला पुसला जातो, म्हणून तो सिस्टिमडीच्या लिंक फाइलमध्ये "मॅजिक" म्हणून लिहा. जादुई पॅकेट म्हणजे सहा वेळा एफएफ आणि त्यानंतर कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. ते त्याच नेटवर्कपुरते फिरते. फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर असेल तर पोहोचणार नाही, आणि लोक दोष देतात सर्व्हरला. शेवटी, झोपायचे केव्हा हे ठरवायला डेबियनमधला ऑटोसस्पेंड वापरा. तो एमपीडी वाजतोय का, एखाद्या पोर्टवर जोडणी आहे का, कोणी लॉगिन आहे का हे पाहून मगच झोपवतो. लिरियनसाठी ३४८३ पोर्टवर भरवसा ठेवू नका. प्लेअर नुसता चालू असला तरी ती जोडणी टिकून राहते आणि सर्व्हर कधीच झोपत नाही. नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीचा वेग पाहणारी तपासणी जास्त उपयोगी.

विंडोजवर नेमकी उलटी तऱ्हा होते. सर्व्हर प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर सेवा म्हणून चालतो, आपण जागे आहोत हे तो विंडोजला सांगत नाही, आणि गाण्याच्या मध्यावर यंत्र झोपी जाते. पॉवरसीएफजी या आदेशाला "रिक्वेस्ट्स" विचारले की कोण जागे ठेवतो ते कळते, "लास्टवेक" विचारले की कोणी उठवले ते. फास्ट स्टार्टअप बंद करा; तो चालू असला की बंद केलेले यंत्र नेटवर्कवरून उठण्याची खात्री राहत नाही.

रास्पबेरी पाय ४ चा पर्याय प्रत्येक जण सुचवतो. तो रिकामा असताना ३ वॅटच्या आसपास असतो, म्हणजे जुळवलेल्या मायक्रोपेक्षा वर्षाला पंचवीसेक युनिट कमी. संग्रह लहान असेल आणि एसएसडी यूएसबीवर चालणार असेल तर तो चांगलाच आहे. पण त्याला एस३ झोप नाही, साटा नाही, आणि यूएसबी डबा जोडला की तीन वॅटचे चार-पाच कधी होतात ते कळत नाही.

या सगळ्याच्या आधी वॅटमीटर एकदा ॲम्प्लिफायरला लावून पाहा. क्लास एबीचा घरगुती ॲम्प्लिफायर काहीही न वाजवता २० ते ४० वॅट घेऊ शकतो. तो दिवसरात्र चालू ठेवून सर्व्हरच्या एल१ एएसपीएममागे लागणारे लोक कमी नाहीत.

वापरलेला घेताना

ॲडॉप्टर डेलचाच आहे ना पाहा. मधल्या पिनवरून ओळख न पटलेला ॲडॉप्टर लावला की बायोस इशारा दाखवून एफ१ दाबण्याची वाट पाहतो आणि प्रोसेसरचा वेग पाडतो. वेग पडल्याने संगीताचे काही बिघडत नाही, पण कीबोर्ड नसलेला सर्व्हर वीज जाऊन आल्यावर त्या पडद्यावरच अडकून राहतो. बायोसला पासवर्ड आहे का ते विकणाऱ्यासमोरच एफ२ दाबून तपासा. पंखा रिकाम्या यंत्रातही जोरात फिरत असेल तर उष्णतावाहक लेप वाळलेला आहे. बदलणे दहा मिनिटांचे काम. आतली सीआर२०३२ बॅटरी न विचारता बदला. ती संपलेली असेल तर प्लग काढताच बायोसमधले सगळे खटके मूळ जागी जातात आणि घड्याळही चुकते. मग सकाळी सातला उठायचा सर्व्हर भलत्याच वेळी उठतो.